तिसरी डिस्क

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर सर्वेशने स्टोरेजच्या काळ्या डब्यात तिसरी डिस्क बसवली. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ या डब्यात राहत आणि आता तो काठोकाठ भरला होता. दोन डिस्कवरचा डेटा तिन्हींवर पसरायला लागला. पथ्य एकच होतं: काम संपेपर्यंत वीज जाता कामा नये.

"आणि गेली तर?" बायकोने, अक्षदाने विचारलं.

"नाही जाणार गं."

"सर्वेश, माझ्या आईचा आवाज फक्त त्यातच आहे."

आई गेल्यावर तिचे फोनवरचे सगळे निरोप अक्षदाने त्यात जपून ठेवले होते. दुसरी प्रत काढायची राहूनच गेली होती.

तेवढ्यात डब्याचा छोटा पंखा अडकला आणि डबा ठणाणा ओरडू लागला. पंखा सोडवायचा तर डबा बंद करावा लागणार. सर्वेशने टेबलफॅन आणून त्याच्यासमोर लावला. डबा तापायचा थांबला, ओरडायचा नाही.

दारावर थापा पडल्या. मानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत नुकतीच गॅसची पाइपलाइन आलेली, आणि सेक्रेटरी चांगदेवकाका तेव्हापासून गॅसचा वास हुंगतच फिरत होते. दारात तेच उभे होते.

"गॅसचा अलार्म ना हा? मी मेन स्विच पाडतो!"

"नको, काका!" सर्वेश किंचाळला. "गॅस गळत असला तर स्विचला हात लावायचा नसतो! ठिणगी उडते!"

बोलणं अगदी बरोबर होतं. तिथेच पंचाईत झाली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे खरंच गळतोय?" म्हणत ते जिन्याकडे धावले.

पाठोपाठ धडाधड दारं उघडली. "अरे, ऐका तरी!" सर्वेश ओरडत राहिला, पण डब्याचा आवाज त्याच्याहून मोठा होता. कुणीतरी फोनही केला. बघता बघता सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये जमली आणि अग्निशमन दलाची गाडी गेटातून आत वळली.

अधिकारी वर आले. सर्वेशने हात जोडून सगळं सांगून टाकलं.

"या डब्यापायी एवढा गोंधळ? बंद करा आधी तो!"

अक्षदा पुढे झाली. "साहेब, माझी आई आहे त्यात. म्हणजे तिचा आवाज. मध्येच बंद केला तर परत मिळायचा नाही."

अधिकाऱ्यांनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "किती वेळ?"

"होतच आलंय."

त्यांनी हेल्मेट काढून सोफ्यावर ठेवलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "तपासणी चालू आहे. मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही."

स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तिघंही तिच्याकडे बघत राहिले. अखेर ती भरली. अक्षदाने एक निरोप लावला. डब्याच्या त्या गोंगाटातून आई म्हणाली, "अगं, फोन का उचलत नाहीस?"

अक्षदाने ओढणी डोळ्यांना लावली. सर्वेशने डबा बंद केला.

खाली येऊन अधिकाऱ्यांनी जाहीर केलं, "गळती नाही."

"मग आम्हाला उगाच उतरवलं?" चांगदेवकाका सर्वेशवर उसळले. "दंड लावतो तुला!"

"थांबा हो. सराव झाला, चांगलंच झालं," अधिकारी म्हणाले. "सगळ्यात शेवटी कोण उतरलं?"

"मी," आवडाबाई काठी टेकत म्हणाल्या.

"आणि सगळ्यात आधी?"

पार्किंगमधली सगळी डोकी चांगदेवकाकांकडे वळली.

काका गेटाकडे बघत पुटपुटले, "मी... तुम्हाला सगळ्यांना उभं राहायला जागा करायला आलेलो."