निकम आणि नुकसानीची पातळी

निकम माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही. बूट काढले आणि सरळ खिडकीतल्या कढीपत्त्याकडे गेले. एक पान उलटं केलं, खिशातून भिंग काढलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्याकडे पाहुणे आलेत."

मावा होता तो. बारीक, हिरवा, चिकट.

हे निकम आमच्याच ओळीत, तीन घरं सोडून, मुलाकडे राहतात. मूळचे कराडचे, पण सारी नोकरी अंदमानात, नारळ-सुपारीच्या किडींमागे. तिथल्या गेंड्या भुंग्याबद्दल असे बोलतात की वाटावं, व्याहीच आहे. "त्याला विष नाही घातलं, ताई. तो अंडी घालतो ते कुजके ओंडके, शेणाचे ढीग हलवले. त्याला रोग लावणारी बुरशी सोडली. बेटावर मारलेलं विष जाणार कुठे? पावसाबरोबर समुद्रात, समुद्रातून माशात आणि परत आपल्याच ताटात!"

त्यांचा लाडका शब्द 'नुकसानीची पातळी'. कीड दिसली की लगेच मारायची नाही, आधी मोजायची. नुकसान ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच हात उचलायचा. हा नियम त्यांनी साऱ्या आयुष्याला लावलाय. अकरा दिवस सलग पाऊस? "पातळीच्या आत आहे." गणपतीत दोन कुटुंबांचं मोदकांवरून वाजलं? "निरीक्षण ठेवा." त्यांच्या सुनेचा पास्ता मात्र "पातळीला टेकलाय."

मी अगदी उलट. तरुणपणी सांगलीत साखरेच्या डब्यात एक मुंगी दिसली म्हणून मी स्वयंपाकघरभर पावडर मारली होती. मुंग्या शेजारी गेल्या, आम्ही आठ दिवस खोकलो आणि चार दिवस राहायला आलेली नणंद दुपारच्याच एसटीने परत गेली. त्यातला शेवटचा भाग मी कितीतरी वर्षं यश म्हणून सांगत असे.

पण हा कढीपत्ता म्हणजे इथे परदेशात, या ब्लँचर्डस्टाउनमधली माझी सगळी मिजास. बीपासून चार वर्षं वाढवलेला. ओळखीतल्या सहा घरांची फोडणी त्याच्यावर चालते. तो जातो की काय, या धास्तीने माझा चहा गोड लागेना. निकमांनी काडेपेटीतून काळ्या, मगरीसारख्या अळ्या आणून त्यावर सोडल्या. "ढालकिड्याची पिल्लं. मावा खातात. मित्रकीटक!"

माझी सून किंचाळली, "आई, घरात किडे?" नात म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी."

आठवडा गेला, तरी पानं मुरडतच होती. माझ्यातली सांगलीकरीण जागी झाली. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्या प्रेसमधून, पोह्यांच्या डब्यामागे लपवलेली फवाऱ्याची बाटली काढली. बोट चापावर, आणि मागच्या काचेच्या दारात निकम!

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "माझी पिल्लं आहेत त्यात."

बाटली परत पोह्यांमागे गेली.

पुढच्या दहा दिवसांत कोवळे शेंडे फुटले. हुश्श! त्या दिवशी मी सहाही घरी पानं वाटली आणि जणू सगळी अक्कल माझीच होती असं सांगितलं.

निकम मात्र रोज दहाला येतच राहिले. भिंग लावायचं, "अजून चार आहेत" म्हणायचं, चहा घ्यायचा. परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा माझा नवा चष्मा आला. मी एकेक पान उलटून पाहिलं. मावा नावालाही नव्हता. ढालकिडेसुद्धा कधीच खिडकीतून उडून गेले होते.

आता पकडते म्हाताऱ्याला, म्हटलं. तेवढ्यात बेल वाजली.

"मुलगा-सून आठला जातात," बूट काढता काढता ते सहज बोलले. "मग घरात एक माशीसुद्धा नसते हो."

मग झाडाशी गेले, भिंग लावलं. "अजून चार."

मी भिंग त्यांच्या हातातून घेतलं. बराच वेळ पाहिल्यासारखं केलं.

"चार कसले? चांगले सात आहेत. पातळी ओलांडणार हं हे. उद्या साडेनऊलाच या."

निकमांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या लख्ख पानाकडे.

"साडेनऊ," ते म्हणाले. "निरीक्षण दोघांनी ठेवलेलं बरं."