कडुनिंब विरुद्ध बदाम

झाड निवडावं तर पद्धतशीर! बहरीनमध्ये सित्राच्या गोदामात बावीस वर्षं मी साधा बोल्टही दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय घेतलेला नाही. त्यामुळे बुदैयाच्या भाड्याच्या घरी अंगणातल्या रिकाम्या खड्ड्यात झाड लावायचं ठरलं, तेव्हा मी तक्ता आखला. एका रकान्यात कडुनिंब, दुसऱ्यात बदाम.

घरमालक अबू अलींनी परदेशी जाण्यापूर्वी बोट वर करून बजावलं होतं, "एक शजर, एक झाड! दूसरा मफी, नहीं चलेगा. ऑगस्टमें आयेगा. झाड नहीं, तो खड्डा बंद, ऊपर सिमेंट!"

मी निंबाचा, बायको कनीज बदामाची. शेजारचा ड्रायव्हर गुंडू माझ्या बाजूचा, कारण त्याला दातणं हवी होती.

"दारात कडू झाड? पाहुण्यांना काय पाला वाढू?" कनीज म्हणाली.

"बदामाचं एकेक पान ताटाएवढं! रोज झाडणार कोण?"

"तुम्ही."

हा मुद्दा तक्त्यात घेतला नाही.

शेवटी मृगावर दोन्ही रोपं कुंड्यांत लावून खड्ड्याच्या काठावर ठेवली. जुलैअखेर जे उंच, त्याला खड्डा. दोघांना रोज एसीच्या पाण्याचा एकेक तांब्या. दर जुम्म्याला मोजमाप.

तिसऱ्या जुम्म्याला पानं पिवळी पडली. पिवळं पान म्हणजे तहान, हे प्रत्येकानं एकेकट्यानं ठरवलं. मी रोज पहाटे गुपचूप निंबाला बादली द्यायचो. कनीज बदामाला द्यायची. गुंडू ड्युटीवर जाताना निंबाला कॅन रिकामा करायचा. जुलैच्या शेवटच्या दिवशी दोन्ही रोपं झोपली, तेव्हा आमची अदीबा रडत म्हणाली, "अब्बा, बट आय गेव्ह बोथ एक्स्ट्रा वॉटर!"

उपटून पाहिलं. मुळांचा लगदा! पंचेचाळीस डिग्रीच्या बहरीनमध्ये आमची दोन झाडं बुडून मेली.

दुसऱ्याच दिवशी अबू अली हजर.

"पानी मफी?"

"पानी बहुत," मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ‘माल वाटेत आहे’ म्हणणाऱ्या सप्लायरकडे पाहतो.

मग ते खड्ड्यात वाकले. कुंड्यांतून वाहिलेलं सगळं पाणी महिनाभर तिथंच मुरत होतं. आणि जेवण झालं की आंब्याच्या कोयी टाकायला आम्हाला तोच खड्डा सोयीचा होता. त्यातून तांबूस पानांचा एक कोंब वर आला होता.

"एक शजर," अबू अली म्हणाले. "खलास!"

अंगण वाचलं. आता ती कोय कोणी चोखली, यावर वाद पेटलाय. गुंडूचाही दावा आहे.

मी नवा तक्ता आखलाय. रकाने चार.