प्रतापचा दमा आणि दारापुढचं गवत

टार्निट नावाच्या उपनगरातल्या त्या घरापुढे गुडघाभर गवत माजलं होतं आणि प्रताप त्याला हात लावत नव्हता, कारण प्रतापला दमा होता. दमा खरा होता, खोटं कशाला बोला. पण मोठा हिशेबी होता. काम दिसलं की उठायचा, काम टळलं की गप्प बसायचा. व्हॅक्यूम बाहेर काढला की धाप, गवत कापायच्या मोवरचं नाव घेतलं की खोकला. शनिवारी क्रिकेटमध्ये मात्र हाच गडी असा पळायचा, की क्लबातले गोरे "गुड ऑन या, मेट!" म्हणत पाठ थोपटायचे. घरकाम चुकवायचं म्हटलं की पुरुषाचं शरीर जेवढं डोकं चालवतं, तेवढं त्याचं डोकंही चालत नाही.

दम्याच्या नेहमीच्या तपासणीला या वेळी बायकोही निघाली.

"तू कशाला? रूटीन तर आहे."

"गवताचं नर्सलाच विचारते," शुभदा म्हणाली. "ती नको म्हणाली तर मी कापीन. जन्मात पुन्हा विषय काढणार नाही."

म्हणजे आज नापास व्हायचं. सोपं होतं. फक्त बालवाडीपासून त्याला ती सवय नव्हती.

नर्स ट्रेसीने हातात श्वासाचा जोर मोजायची नळी दिली. "मोठा श्वास घे आणि जोरात फुंक. तीनदा. बेस्ट असेल तो आकडा धरू."

प्रतापने गरम चहावर घालावी तशी फुंकर घातली, वर दोन खोकले फुकट दिले.

ट्रेसीचा चेहराच पडला. "हे ठीक नाही. डॉक्टरांना बोलावते. आणि धावणं, खेळणं सगळं बंद."

"क्रिकेटसुद्धा?"

"क्रिकेट तर पहिलं."

शनिवारी सेमीफायनल होती. "थांबा, थांबा! नळी नीट धरली नव्हती मी!"

दुसरी फुंकर म्हणजे कसरत होती. क्रिकेटला पुरेल, पण गवताला पुरणार नाही, एवढाच दम सोडायचा. जमलं! काटा मधोमध थांबला. "हं, बरं आहे," ट्रेसी म्हणाली. प्रताप खुर्चीत रेलला.

शुभदाने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "यतिनपेक्षा कमीच की."

"आपला यतिन?"

"सहाशे फुंकले म्हणे त्याने."

यतिन म्हणजे कॉलेजात याला दोन मार्कांनी मागे टाकून पहिला आलेला, इथे कायमचं राहायचा परवाना, म्हणजे पीआर, याच्याआधी मिळवलेला आणि टार्निटमधला कोपऱ्यावरचा प्लॉटही पटकावलेला माणूस.

"तो? दोन पायऱ्या चढला तर जीभ बाहेर येते त्याची!"

"असू दे रे. सगळ्यांनाच कसं जमेल?"

प्रताप उठून उभा राहिला. पॅन्ट वर ओढली. छाती भरली. आणि अशी काही फुंकर मारली, की ट्रेसीच्या टेबलावरची पत्रकं उडाली.

"किती? किती आले?"

"सहाशे वीस! ब्युटिफुल!"

"मग याने लॉन कापलं तर चालेल?" शुभदाने अगदी गोड आवाजात विचारलं.

"का नाही? पोलनचा सीझन गेलाय. मास्क लाव, पंप खिशात ठेव. नो वरीज!"

गाडीत बसला तरी प्रतापची मान ताठच होती. "सांग त्या यतिनला. सहाशे वीस म्हणावं!"

"सांगते की." शुभदाने सीटबेल्ट लावला. "पण त्याला काय कळणार? त्याला कुठे दमा आहे?"

गाडी रिव्हर्स घ्यायला प्रतापने मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर नवाकोरा मास्क होता, आणि त्याच्याच मापाचे बागकामाचे हातमोजे.