उखर्डू आप्पांचा विमा

आमच्या शेजारचे आप्पा विमा एजंटाला दारातच विचारायचे, "मन्हं नाव माहीत शे का?" एजंट बिचारा नकारार्थी मान हलवायचा. "उखर्डू! मन्हा विमा बारसालेच उतरेल शे. जाय आते."

त्यात खोटं काही नाही. थोरल्या बहिणीच्या पाठची तीन भावंडं जगली नाहीत. म्हणून यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, तिथून उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. टाकून दिलेल्या पोराकडे यम ढुंकून बघत नाही, अशी आमच्याकडची जुनी समजूत. आप्पा सत्तरीला टेकले, पण साधं पडसं म्हणून झालं नाही.

उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला. तिथलं "पहिले काटा, मंग गाडी" त्यांनी घरीही आणलं, तपासल्याशिवाय काही आत घ्यायचं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा भिंग लावून वाचतात. लग्न केलं नाही ते बरंच, मी म्हणते. बायकोला आधी काट्यावर चढवलं असतं!

मग कोरीट गावाहून त्यांची थोरली बहीण, आक्का, कायमची राहायला आली. विधवा, मूलबाळ नाही. एका सकाळी पाटावरून उठताना चक्कर येऊन पडल्या, चार दिवस दवाखान्यात होत्या. बऱ्या होऊन घरी आल्या, पण आप्पांचा चेहरा उतरला तो उतरलाच. नावाचा विमा काही बहिणीला लागू होत नव्हता.

आता शहाद्यातल्या एजंटांना उलटी बोलावणी जाऊ लागली. मी शाळामास्तरीण, म्हणून कागद वाचायला मला धरायचे.

"वाच व माय."

"फॅमिली फ्लोटर, आप्पा. सगळ्या कुटुंबाला मिळून एकच पॉलिसी."

"फ्लोटर म्हंजे?"

"तरंगणारं."

"तरंगस ते वाही जास! आनि बहीन बसस का त्यामा?"

एजंटानं बोटं मोजली. नवरा, बायको, मुलं, आईवडील. बहीण बसत नव्हती.

आप्पा उसळले. "जिन्हा हातनी भाकर खास ती कुटुंब नही, आनि जी बायको मी करीच नही ती कुटुंब?"

अशा सात योजना परत गेल्या. माझंही डोकं उठलं. शेवटी एका एजंट मुलीनं सांगितलं, "आक्कांच्या एकटीच्या नावावर वैयक्तिक पॉलिसी घ्या. आमच्याकडे भाऊ काढू शकतो." आप्पांनी भिंग काढलं. आक्कांचं बीपी, चक्कर, दवाखान्याचे कागद, सगळं आपणहून लिहायला लावलं. आधीच्या दुखण्यांचा खर्च मिळायला किती वर्षं थांबावं लागेल, ते तीनदा वाचून घेतलं. तपासण्या झाल्या. राहिला कंपनीचा पडताळणीचा फोन. तो नीट पार पडला तरच पॉलिसी.

फोन आला, मी स्पीकर लावला. पलीकडची मुलगी शुद्ध मराठीत म्हणाली, "आजी, अर्ज करणारे तुमचे कोण लागतात?"

"मन्हा उकिरडावरना शे," आक्का म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

आप्पा नुसते ओठ हलवून "भाऊ, भाऊ" करत होते. आक्कांचं तिकडे लक्षच नाही.

"मी सात वरीसनी व्हतू. मायनी याले उकिरडावर ठेयं. मी सूपमा उचली लई उनू. तवयपाईन मन्हाच शे."

मग मुलगी म्हणाली, "आजी, भाऊ लिहू ना?"

"ल्ही."

आठवड्यानं कार्ड आलं. हुश्श! आप्पांनी गल्लीत घरोघरी नेऊन दाखवलं. किती दिवसांनी त्यांना हसताना बघितलं, मलाच हलकं वाटलं.

लगेच मी दुसरा फॉर्म पुढे केला. "आप्पा, आता तुमचा. नावावर किती दिवस काढणार?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत आक्का कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी थापत होत्या.

"नावना नही व माय. ती शे तवलगून मन्हा विमा चालू शे."

तेवढ्यात आतून हाक आली, "उखर्डू, सही कर! भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

आप्पांनी भिंग शोधलंसुद्धा नाही. मी बोट ठेवलं तिथे सही केली आणि जेवायला उठले.