गावंडे सरांचा पत्र्याचा बेडूक

सकाळी घंटागाडीत कचरा टाकून मी फाटकाची कडी लावली, तर समोरून 'टिक' असा आवाज आला. पाहिलं तर समोरच्या ओट्यावर गावंडे सर उभे. एका हातात पत्र्याचा हिरवा बेडूक, दुसऱ्या हातात टोस्टचा तुकडा. तुकडा त्यांनी माझ्या दिशेनं धरला होता.

"घे सुनंदा. कडी लावली तू आज. रोज फाटक उघडंच टाकून जाते."

मी दोन लेकरांची आई, प्राथमिक शाळेत मास्तरीण. पण गावंडे सरांनी काही पुढं केलं की मुकाट्यानं घ्यायचं, ही सवय शाळेपासूनची. रस्ता ओलांडून गेले आणि टोस्ट खाल्ला. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी कडी लावायला मी विसरले नाही.

पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत त्या दिवसांत कोणीही सुटलं नाही. तिगावहून दूध घेऊन येणारा शामराव वेळेवर आला की टिक आणि टोस्ट. नळ सोडणाऱ्यानं पाणी पूर्ण वेळ सोडलं की टिक आणि टोस्ट. शामराव तुकडा खिशात टाकायचा आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणायचा, "ताई, सर कामातून गेले काय हो?"

तसं वाटण्यासारखंच होतं, कारण गावंडे सर म्हणजे आमचे पीटीचे सर. आधी सौंसरला होते, मग पांढुर्ण्याला आले आणि इथंच रिटायर झाले. त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं की बाजारातले हातगाडीवाले ताठ व्हायचे, असं लोक सांगत. चापटही तशीच होती. या माणसानं उभ्या नोकरीत कोणाला 'शाबास' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आमच्या काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यासुद्धा भाजी चांगली झाली की नाही हे सरांनी किती पोळ्या खाल्ल्या त्यावरून ओळखायच्या.

काकू गेल्या. मुलगा अविनाश रायपूरला, नोकरीत. सरांनी घराच्या आतल्या खोल्या बंद केल्या आणि पुढच्या खोलीत खाट टाकली. दिवसभर त्या घरातून भांड्याचाही आवाज यायचा नाही.

पुढल्या उन्हाळ्यात एक तांबूस कुत्रं त्यांच्या ओट्याखाली सावलीला येऊन बसलं. सर बाहेर आले आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडले, "हाट!"

कुत्रं पळालं असतं तर विषय तिथंच संपला असता. ते पळालं नाही. जमिनीला चिकटलं, डोळे मिटले आणि जागच्या जागी मुतलं. मी फाटकातून पाहत होते.  सरांनी आत जाऊन बादलीभर पाणी आणलं, फरशी धुतली, आणि दूर पायरीवर बसून कुत्र्याला म्हणाले, "इतकं काय भेवाचं बे? मी काय मारून राहिलो का तुले?"

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

कुत्र्याचं नाव त्यांनी ठेवलं 'विश्राम'. त्यांच्या मते ते हळू आवाजात हाक मारत, पण सरांचा हळू आवाजही चौकात पोचायचा. पानठेल्यावरचे पोट सुटलेले त्यांचे विद्यार्थी 'विश्राम' ऐकू आलं की नकळत पाय फाकवून हात मागं बांधायचे. कुत्रा मात्र नावानं येत नसे. आवाज आला की ओट्याखाली आणखी आत सरकायचा.

मग सरांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई न ओरडता, न मारता, हातातली एक डबी टिकटिक वाजवून कुत्र्याला शिकवत होती. तसली डबी गावात मिळेना. पोळ्याच्या जत्रेत पोरांच्या खेळण्यांत त्यांना हा बेडूक सापडला. पोट दाबलं की टिक.

मला कुंपणाशी उभं करून त्यांनी माझा पूर्ण तास घेतला.

"पाहय सुनंदा, आधी कुत्र्यानं काईच कराचं नाई. नुसतं टिक, आन् तुकडा. टिक, आन् तुकडा. टिक वाजलं म्हंजे खायले भेटते, इतकं त्याच्या डोक्यात बसू द्याचं. मंग तो आपल्या मनानं बसला, की बूड टेकलं त्याच घडीले टिक. आधी नाई, मंग नाई. टायमिंगच सारं हाय."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर पाहाचंच नाई तिकडे. रागवाचं नाई, बोलाचं नाई. तोंड फिरवाचं." आणि बेडूक खिशात टाकत, "आमच्या वक्ताले कोणी सांगतलं नाई हे."

हा गल्लीतल्या माणसांवरचा प्रयोग म्हणजे सरांचा सराव होता, हे मला तेव्हा समजलं. बोट टायमावर पडावं म्हणून ते आमच्यावर हात बसवत होते.

सुरुवात झकास झाली. टिक ऐकताच विश्राम ओट्याखालून डोकं काढू लागला. मग पूर्ण बाहेर आला. मग सरांच्या चपलेजवळ येऊन उभा राहिला. सर मला हाका मारून दाखवत. पण बसायला शिकवायची वेळ आली आणि सगळं बिघडलं. विश्राम खाली बसायचा, आणि लगेच ताडकन उठायचा. पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. बैठकाच काढायचा म्हणा ना. पानठेल्यावर लोक हसून म्हणायचे, "पीटीच्या सरांचं कुत्रं, दुसरं काय करणार?"

सर वैतागले. बेडकाची स्प्रिंग जाम झाली म्हणाले. तिला शिवणयंत्राचं तेल दिलं. टोस्ट बदलले. कुत्रा मात्र उठबशा काढतच राहिला.

एका संध्याकाळी मी कढीपत्ता मागायला त्यांच्या अंगणात गेले. विश्राम तुळशीजवळ शांत बसला होता. सर खुर्चीवर, बेडूक हातात, आणि पाहत होते भिंतीला टेकून ठेवलेल्या पोत्याकडे. पोतं कुत्र्यासारखंच तांबूस रंगाचं. कुत्रा बसून कंटाळला, उठला, तेव्हा त्याच्या हालचालीनं सरांची मान वळली. टिक.

म्हणजे कुत्रा मूर्ख नव्हता. सर उठण्यालाच टिक देत होते, आणि तो बिचारा जे शिकवलं तेच करत होता.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही का?"

 त्यांनी बेडूक माझ्यापुढं धरला. "तू धर."

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. थेंब चालू होते, पण गेलेली नजर परत येत नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. अविनाशला कळलं होतं. तो दिवाळीनंतर न्यायला येणार होता. फ्लॅट वरच्या मजल्यावर, आणि सुनेला दमा. कुत्र्याचा केस चालत नाही.

"पोरगं चांगलं हाय, त्याची काई चूक नाई," सर म्हणाले. "आंधळ्या बापाले न्यायले येऊन राहिला. पण याले कोण पाहीन? गावात भेकड कुत्र्याले पोट्टे गोटे मारतात. हा कोणाचा तरी झाला पाहिजे. बोलावलं त आला पाहिजे, बस म्हटलं त बसला पाहिजे. मंग ठेवते कोणी."

"मी ठेवीन," मी म्हणाले. घरी कोणाला विचारलंही नव्हतं.

"ठेवशीन, पण तो राह्यला पाहिजे ना. त्याले तुह्या हातानं शिकव."

त्यानंतर डोळे माझे आणि डोकं सरांचं. ते खुर्चीवर बसून विचारत, "बूड टेकलं?" मी तोवर टिक केलेलं असे. "आवाज उशिरा आला तुहा. कुठं पाहून राहिली होती?" आंधळा होत चाललेला माणूस माझं टायमिंग पकडत होता. उठबशा थांबल्या. विश्राम बसू लागला, बसून राहू लागला. मग जागा बदलत आणली. आधी सरांचं अंगण, मग फाटक, मग रस्त्याच्या अलीकडे आमचा ओटा. त्याच्या जेवणाचं ताट आमच्याकडे आलं.

सगळ्यात वाईट भाग त्यानंतरचा. आमच्याकडे खाऊन विश्राम परत सरांकडे पळायचा, त्यांच्या गुडघ्यावर तोंड ठेवायचा. आणि सर तोंड फिरवायचे. हात मांडीखाली दाबून बसायचे. मी म्हणायची, "सर, एकदा हात फिरवा ना." ते म्हणायचे, "एकदा फिरवला की रोज येते. मंग मी गेल्यावर या फाटकापाशी बसन, अन् उपाशी मरन. जाऊ दे त्याले." कुत्रा वाट पाहून पाहून परत यायचा. हळूहळू त्याचं जाणं कमी झालं. शेवटी तो रस्ता ओलांडेनासा झाला. सरांनी विचारलं, "आज आला नाई ना?" मी म्हटलं, "नाही आला." ते म्हणाले, "शिकला."

अविनाश आला त्या सकाळी सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "गाडी निघताना त्याले तुह्याजवळ बसवून ठेव." मी बसवलं. अविनाशनं बापाचा हात धरून गाडीपर्यंत आणलं. सरांनी दारावर हात ठेवून विचारलं, "कुत्रा कुठं हाय?"

"सुनंदाताईंच्या ओट्यावर, बाबा. शांत बसलाय. इकडं पाहतसुद्धा नाही."

सर "बरं" म्हणाले. गाडीत बसायला त्यांना जरा वेळ लागला.

विश्राम आता आमचा आहे. सासूबाई त्याला शिव्या घालतात आणि दुधाची साय देतात.

सरांचा फोन येतो. संत्र्यांचा आंब्या बहार कसा लागला, नळ येतो का, शामरावचं दूध पातळ झालं का, सगळं विचारतात. कुत्र्याचं विचारत नाहीत. परवा बोलून झालं आणि मी फोन ठेवणार, तोच म्हणाले, "थांब. तो जवळपास हाय का?"

"हो. पाणी पिऊन राहिला. आवाज देता का त्याला? स्पीकरवर टाकते."

"नको. मी बोललो त तो मले शोधन." मग म्हणाले, "फोन खाली ठेव ना तिथं. राहू दे चालू."

मी फोन भांड्याजवळ फरशीवर ठेवला. विश्राम लपलप पाणी प्यायला, अंग झाडलं, कान खाजवला, आणि उन्हात जाऊन पडला. आता ऐकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी फोन उचलून कानाला लावला. सरांनी अजून ठेवला नव्हता.