व्हाया राजूर

नगरमधल्या आमच्या सावेडीच्या गल्लीतल्या बशीरचाचांना कुठल्याही गावाचा रस्ता विचारा, ते तुम्हाला राजूरवरून पाठवणार. नाशिकला निघालात तरी राजूर, मुंबईला निघालात तरी राजूर. कोकणात निघालेल्या एका नव्या जोडप्याला त्यांनी इतकं पटवलं, की ते बिचारे राजूरच्या पुढच्या भंडारदऱ्यालाच हनिमून उरकून परत आले. नेवाशाला देवदर्शनाला निघालेल्या शेजारच्या काकूंनाही ते म्हणाले होते, "नेवासा तर हायेच हो, कुठं पळून जात न्हाई. पन आधी राजूर करून घ्या." नेवासा एका टोकाला आणि राजूर दुसऱ्या, एवढा भूगोल काकूंना येत होता म्हणून त्या वाचल्या.

चाचांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवायचं, चहा मागवायचा आणि विचारायचं, "मग, सुट्टीत कुठं?" उत्तर काहीही येवो. रेक्झिनचा तुकडा पुढे ओढून खडूनं रस्ता काढायला सुरुवात. "हितं उसाच्या ट्रॉल्या असत्यात, दमानं घ्या. संगमनेरला जेवू नका, पुढं अकोले आलं की जेवा. राजूर आलं की डाव्या हाताला लेडीज टेलरचं दुकान हाय, तिथं थांबून पानी प्या. लई गार पानी! बाकी काय न्हाई, डोळे मिटून जा." गाडी चालवणाऱ्याला डोळे मिटून जा असा सल्ला देणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि एवढं सगळं सांगणारे चाचा स्वतः मात्र सायकल सोडून कशावर बसत नाहीत. नातेवाइकांत नगरबाहेर लग्न निघालं की दुकानात नेमकं अर्जंट काम निघतं. चाची एकट्या एसटीनं जाऊन येतात आणि आल्यावर आठवडाभर बोलत नाहीत. चाचांना त्याचंही काही वाटत नाही.

यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरी सहलीचं वारं शिरलं. माझी लेक सानिका दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, भाचा ओम राहात्याहून सुट्टीला आलेला. तो अकरावीत आहे, म्हणजे कानात हेडफोन आणि चेहऱ्यावर जगाचा कंटाळा. सानिकाला समुद्र हवा होता. "आई, सीन भारी पाहिजे आणि बाबांनी गाडीत जुनी गाणी लावायची नाहीत." ओमला विचारलं तर म्हणाला, "कुठंही चालेल मामी. जवळ असू दे." पोरांना सहलीला न्यायचं म्हणजे आपल्या पैशानं त्यांची मनधरणी करायची, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

नकाशावरून भांडण रंगात आलेलं असतानाच खडू घेऊन चाचा हजर झाले. त्यांना असल्या गोष्टींचा वास कसा लागतो कोण जाणे. आमच्या फरशीवर त्यांनी राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर असं सगळं काढलं. सानिका कमरेवर हात ठेवून बघत होती.

"चाचा, व्ह्यू कसा आहे तिथला?"

"एकदम फस्टक्लास, बेटा."

"म्हणजे काय काय दिसतं?"

"पानी. डोंगर." चाचा थोडे अडखळले. "पुन्यांदा डोंगर."

"तुम्ही पाहिलंय?"

चाचा हातरुमालानं फरशीवरचं संगमनेर पुसायला लागले. आमचा डबा परत द्यायला आलेल्या चाची दारातूनच म्हणाल्या, "हे काय बघतात! सख्खी पोरगी राजूरला दिली हाय, तिचं दार न्हाई बघितलं अजून."

चाचांच्या त्या लेकीची, शबानाची, गोष्ट गल्लीत सगळ्यांना अर्धी माहीत होती. उरलेली त्या दिवशी चाचींनी सांगितली. ते लेडीज टेलरचं दुकान शबानाचंच. सलीम, म्हणजे जावई, अकोले-राजूर वडापची, म्हणजे शिटं भरून नेणारी, जीप चालवतो. मुलगा शबानानं स्वतः पसंत केलेला. "ड्रायव्हरला पोरगी देनार न्हाई," म्हणून चाचा आधी अडून बसले, मग नमले आणि लग्न थाटात लावून दिलं. पुढे सलीम त्यांना न्यायला जीप घेऊन दर ईदला यायचा आणि दर खेपेला चाचांचं अर्जंट काम निघायचं. पोरीनं आणि जावयानं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. मागच्या ईदला शबाना जाताना म्हणाली होती, "अब्बांना आमच्या घरी यायची लाज वाटते. मग आता मी पन येनार न्हाई."

"आणि हे काय करतात, तर लोकांना पाठवतात तिच्या दुकानावर. परत आले की विचारतात, पोरगी हसली का?" चाचींनी हातातला डबा आदळलाच.

मी आणि सुनील, म्हणजे आमचे हे, एकमेकांकडे बघत राहिलो. सानिकाला असला संकोच नसतो. ती म्हणाली, "चाचा, गाडीत एक सीट रिकामी आहे. तुम्ही येताय. नाहीतर आम्ही कोकणात जातो."

चाचांनी अर्जंट काम काढून पाहिलं. चाची घरी गेल्या आणि चाचांची पिशवी भरून घेऊन आल्या.

सकाळी चाचा आले ते दोन्ही खिशांत लिंबं, मुठीत आवळासुपारी आणि काखेत वर्तमानपत्रांची रद्दी घेऊन. रद्दी सीटवर पसरून तिच्यावर बसले. आमची सीट कव्हरं त्यांनीच शिवलेली, मला वाटलं आपल्या कामाला जपतायत. गाडी सुटली तशी त्यांची बडबड बंद झाली. विळद घाट लागला आणि चाचा एकदम म्हणाले, "साहेब, थांबवा!" त्याच क्षणी मागून ओम ओरडला, "मामा, थांबव!" गाडीच्या एका बाजूला चाचा वाकले, दुसऱ्या बाजूला ओम. सुनील आरशात बघत म्हणाला, "अरे, नगर अजून मागे दिसतंय!"

तोंड धुऊन चाचा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. चेहरा पार उतरलेला. "ताई, बाजारात कुनाला बोलू नका. सीट कव्हरवाल्यालाच गाडी लागते म्हनल्यावर लोक काय म्हनतील?"

"म्हणून तुम्ही सलीमच्या जीपमध्ये बसत नव्हता?"

"त्याची रोजीरोटी हाय ती. आन आधी मीच त्याला ड्रायव्हर म्हनून नाकारलेला. त्याच्याच गाडीत उलटी करू? त्याला वाटलं असतं, सासऱ्याला आपली किळस येते." ते लिंबू हुंगत राहिले. "न गेल्यानं पन तेच वाटलं, हे मागनं कळलं."

मला त्यांची दया आली आणि राग पण आला. एवढंसं सांगितलं असतं तर पोरगी दुरावली नसती. पण पुरुषांची अब्रू कुठं अडकलेली असेल सांगता येत नाही.

ओम त्यांच्याशेजारी जाऊन बसला. हेडफोन गळ्यात, डोळ्यांत पाणी. "चाचा, मला पण लागते. नेहमीच. मी फक्त कुणाला कळू देत नाही." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की भाच्याच्या चेहऱ्यावर मला दिसायचा तो सगळाच काही जगाचा कंटाळा नव्हता.

मग आमची गाडी जवळजवळ प्रत्येक गावाला थांबत गेली. दोघांची गट्टी जमली. लिंबाची फोड अर्धी अर्धी, गाडी लागू नये म्हणून बुडाखाली घातलेली रद्दी अर्धी अर्धी. राजूरच्या अलीकडे घाट सुरू झाला तसे चाचा उतरलेच. "तुमी व्हा पुढं, मी चालत येतो." ओम उतरला. सानिका उतरली. मी कुरकुरत का होईना उतरले. सुनील रिकामी गाडी घेऊन वर जाऊन थांबला.

ऊन होतं, पण वारा लागत होता. वळणावर एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं विकत होती. ती खात खात आम्ही चढलो आणि एका उघड्या जागी चाचा थबकले. खाली भाताची मोकळी खाचरं, पलीकडे डोंगर आणि त्यामागे आणखी डोंगर. ते नवलानं म्हणाले, "आयला, मी खरंच सांगत हुतो की!"

राजूरला पोचलो तेव्हा शबाना मशीनवर बसली होती. चाचांना बघून तिचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. सलीम बाहेर आला. त्यानं खुर्ची आणून ठेवली आणि आमच्या गाडीकडे बघत म्हणाला, "बसा अब्बा. साहेबांच्या गाडीत आलात, बरं झालं."

बोलणं साधं होतं, पण लागायचं तिथं लागलं. चाचा बसले नाहीत. त्यांनी ओमकडे पाहिलं. ओमनं मान डोलावली.

"सलीम, मला गाडी लागते," चाचा म्हणाले. "लहानपनापास्नं. आत्ता पन वाटेत गावोगाव उतरलो, ह्या पोराला विचार. घाट चालत आलो. तुझ्यावर राग न्हवता, बाळा. कधीच न्हवता."

"येवढंच?" सलीम म्हणाला. "अब्बा, माझ्या गाडीत रोज दोघं-तिघं उलट्या करत्यात. मी पिशव्याच ठेवतो." मग तो जीपकडे वळला. "मी दर खेपेला गाडी धुऊन आनायचो. अत्तर मारायचो, आज तरी तुमी बसाल म्हनून."

"त्या अत्तराच्या वासानंच तर लांबनं ढवळायचं रे!"

शबाना खळखळून हसली आणि हसता हसता ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. चाचा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. आम्ही उगाच रस्त्याकडे बघत होतो.

थोड्या वेळानं चाचा बाजूला उभ्या असलेल्या जीपपाशी गेले, दार उघडलं आणि पुढच्या सीटवर चढून बसले. पलीकडून सलीम चढला. किल्ली त्यानं खिशातच राहू दिली. शबानानं दोघांना तिथंच चहा नेऊन दिला.

आम्ही भंडारदऱ्याला निघालो तरी ते तसेच उभ्या जीपमध्ये बसलेले होते. चाचा समोरच्या काचेतून टक लावून बघत होते आणि सलीम बोट करून त्यांना एकेका डोंगराचं नाव सांगत होता.