सोलापूरला फुटलेली किटली

छायाची किटली सोलापुरात फुटली आणि इकडे नाशिक रोडला आबांचं डोकं फिरलं.

फिरणार नाही तर काय! पोरीनं आठ दिवस कुंभाराच्या चाकावर खपून मातीची किटली घडवायची, दोनदा भट्टीत भाजायची, आणि गिऱ्हाइकाच्या हाती काय, तर ठिकऱ्या. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या फोटोत झाकणाचेसुद्धा चार तुकडे दिसत होते. बरं, ही काही पहिली वेळ नव्हती. महिन्याभरात कॉफीचे दोन मग असेच गेले होते. छाया ज्या वेबसाइटवर माल विकायची तिचा नियम सरळ होता: तीन पार्सलं फुटकी पोचली की दुकान बंद. चूक कुरिअरची असेल, तर कुरिअरनं तसं लिहून द्यायचं, तेही आज संध्याकाळी सहाच्या आत.

आता कुरिअरवाले कधी आपली चूक लिहून देतात होय?

शाळेतली नोकरी सोडून छायानं हे सगळं मांडलं होतं. ती रडकुंडीला आली. तिचे सासरे आबा मात्र खवळले, कारण पॅकिंगचं खातं त्यांचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आणि तपासल्याशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर सोडला नाही. घरातही तीच शिस्त. छायानं वस्तू करून हातात द्यायची. पुढे बबल रॅप, दुहेरी खोका, चिकटपट्टी, कुरिअरच्या ऑफिसात नेऊन देणं, सगळं आबा करणार. या किटलीला तर त्यांनी सुरगाण्याहून मागवलेला भाताचा पेंढा इतका ठासला होता की खोका हलवला तरी हूं का चूं नाही. वर चारी बाजूंनी लाल अक्षरांत 'नाजूक वस्तू' लिहिलं. आणखी काय, पार्सलाची आरती ओवाळायची?

आबांनी स्पीकर चालू करून फोन लावला. आधी एक दाबा, दोन दाबा झालं, मग एका मुलीनं तक्रार नोंदवून घेते म्हणून दहा मिनिटं गाणं ऐकवलं. शेवटी मॅनेजर आला. त्यानं तोंड उघडताच पॅकिंगला दोष दिला. आबांनी त्याला खोक्यातला एकेक थर मोजून ऐकवला. मॅनेजर हळूहळू नरमला.

"खरंय तुमचं, काका," तो म्हणाला. "आमची माणसं गाडी भरताना पार्सलं फेकतात. चूक आमचीच. देतो लिहून."

छायाच्या जिवात जीव आला. तिनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. आबांनी तिथंच फोन ठेवायला हवा होता, पण गप्प बसतील तर ते आबा कसले!

"लिहून द्याल नाही तर काय," ते म्हणाले. "अहो, ते पार्सल मी स्वतः गच्चीवरून तीनदा खाली टाकून तपासलंय. तेव्हा काही झालं नाही, आणि तुमच्या गाडीत फुटतं?"

मॅनेजरनं अगदी अदबीनं विचारलं, की काही झालं नाही हे उघडून बघितलं होतं का.

"उघडायचं कशाला? तेवढं पॅकिंग परत कोण करणार? कानाशी धरून हलवलं. आवाज आला नाही."

"काका, कॉल रेकॉर्ड होतोय," असं म्हणून मॅनेजरनं फोन ठेवला.

छाया आबांकडे वळली. "आबा, ते दोन मगसुद्धा गच्चीवरून टाकले होते?"

"छे," आबा दुखावल्या आवाजात म्हणाले, "ते नुसते जिन्यावरून टाकले होते. ते फुटले म्हणून तर या वेळी तपासणी कडक केली."